थिंबल कापून बघितलं तेव्हा

टेंभुर्णी,
रविवार, दुपार

प्रिय भावने,

सप्रेम जय भीम. पाकीट हातात आल्या आल्या तू ते कानाशी नेऊन हलवलं असणार, तुझी खोड मला माहीत आहे. आत काहीतरी जड वाजतंय ना? ते कागदात गुंडाळून वरून दोरा बांधलाय. तो दोरा आत्ता सोडू नको. आधी पत्र वाच, सगळं वाच, मंग सोड. फोनवरच सांगितलं असतं गं, पण फोनवर जीपचं नाव काढलं की तू एकदम सूनबाईच्या भाजीवर जातेस, न्हाई तर सूरजच्या ड्युटीवर, आणि मंग चल ठेवते म्हणतेस. पत्र असं मध्येच कापता येत न्हाई. म्हणून लिहून राह्यले.

मागच्या महिन्यात तू सांगितलंस की सूरजनं बबलू भंगारवाल्याला शब्द दिलाय, बाजाराच्या दिवशी तो टेम्पो घेऊन येईल आणि तुझी जीप ओढून नेईल, मी फक्त फाटक उघडून द्यायचं. जसं काही माझ्या लिंबाखाली तू गोवऱ्या रचून गेलीस आणि त्या कुणीतरी न्यायच्या आहेत. मी म्हणलं, त्याच्या आत चालू झाली तर? तू हसलीस. भावने, तुझं हसणं मी शाळेपासून ऐकत आले, पण ते हसणं तुझं नव्हतं. म्हणालीस, चालू झाली तर ठेवून घे तूच, मला काय करायचीय आता गाडी. मी फोन ठेवला आणि तशीच अंगणात जाऊन तुझ्या जीपचं बोनेट उघडलं. लई राग आल्ता. तुझा न्हाई, त्या हसण्याचा.

बोनेट उघडलं आणि काय सांगू, आत चिमण्यांनी घरटं केलेलं. ते रिकामं होतं, काढून तुझ्या डॅशबोर्डवर ठेवलं. आणि मला आपण दोघी आठवलो, सोयाबीन काढून मोकळ्या झालेल्या रानात गाडी शिकणाऱ्या. आमचे गुरुजी, म्हणजे तुझे राजानंद भाऊजी, बांधावर उभे राहून क्लच, क्लच म्हणून ओरडायचे, आणि मी प्रत्येक वेळी ब्रेक दाबायचे. तू मात्र पहिल्याच दिवशी तिसरा गिअर टाकलास आणि गुरुजींना बांधावरून उडी मारावी लागली. गावात दोन बाया आणि दोन जिपा, लोक बघायला यायचे. वस्तीवरच्या आयाबाया पोरींना शाळेत पाठवायला लागल्या त्या आपल्या जीपमुळं, हे तू विसरलीस तरी मी विसरले न्हाई. आणि स्टँडवरच्या पुरुषांना आपण किती खुपायचो, तेही विसरले न्हाई.

असो. बॅटरी चार्ज करून आणली, गुरुजींनी डिझेलमधली हवा काढली, आणि मी तुझ्या सीटवर बसून सेल्फ मारला. टक. बस, एक टक, पुढं काही न्हाई. येणारा-जाणारा म्हणून गेला, सेल्फ गेलाय, सोडा नाद. पण गुरुजींनी बॅटरीच्या केबलवर हात ठेवला आणि चटकन मागं घेतला. केबल तापली होती. सेल्फ बिचारा ठीक होता, त्याच्यापर्यंत करंटच पोचत नव्हता. म्हणजे केबल नव्या पाहिजेत. आपल्याकडं केबल म्हणलं की तातेराव इलेक्ट्रिशियन. तो केबलच्या टोकाला थिंबल, म्हणजे बोल्टात अडकवायचं तांब्याचं टोपण, घालणार, दगडावर ठेवून छिन्नीनं दोन घाव मारणार, वरून काळी टेप गुंडाळणार, झालं काम. आत काय आहे ते त्या टेपलाच माहीत. तातेरावाचं नाव काढलं तसं माझं डोकं फिरलं. का फिरलं ते तुला सांगायला नको. मी म्हणलं, आपणच करू.

आणि मंग मी तेच केलं जे आपल्याकडचा कुणीही करेल. विहिरीच्या मोटारीची जुनी केबल पडलेली होती, ती कापली. आपल्याकडं त्या केबलचं काय होत न्हाई सांग? तिच्यावर कपडे वाळतात, तिनं म्हशी बांधतात, पाहुण्यांच्या खाटा विणतात. मी तिची जीपची केबल केली. सेल्फ मारला, टक झालं, आणि केबल अशी मऊ पडली की वरचं प्लास्टिक माझ्या बोटाला चिकटलं. गुरुजी म्हणाले, मोटार तासन्‌तास थोडंथोडं पिते, सेल्फ एका घोटात बादली पितो, त्याला जाड तांबं पाहिजे. शाळेत असंच शिकवत असतील तर पोरांचं नशीब चांगलं आहे. मंग ट्रॉल्या बनवणाऱ्या वेल्डरकडून वेल्डिंगची केबल आणली, जाड, लवचिक, आत केसासारख्या बारीक तारा. आणि इथल्याच दुकानातून एक हातोडीचा क्रिंपर आणला. त्याच्या खाचेत थिंबल ठेवायचं आणि वरून हातोडी हाणायची. छिन्नीचाच शहाणा भाऊ म्हण.

मी हाण हाण हाणली. थिंबल दिसायला झकास बसलं. पण मला वाटलं, ओढून बघावं. साळूबाई शेजारून बघत होती, तिला म्हणलं, पकड ते टोक. केबलीचं एक टोक तिच्याकडं, थिंबलाचं माझ्याकडं, आणि आम्ही दोघी रस्सीखेच खेळायला लागलो. तुला साळूबाई माहीत आहे, खेळायचं म्हणलं की तिला वयबिय काही राहत न्हाई. तिनं असा हिसका दिला की थिंबल माझ्या हातात राहिलं, केबल तिच्या हातात गेली, मी तुळशीच्या मंजुळा गोळा करायला बसल्यासारखी खाली बसले आणि साळूबाई सरळ उकिरड्यात. अगं, तिथूनच ओरडली, बेबे, निसटलं गं! मी हसून हसून मेले. मंग एकदम हसू थांबलं. थिंबल बघितलं तर एका बाजूनं चेपलेलं, दुसऱ्या बाजूनं पोकळ. आणि मला केदारखेडा आठवलं.

तो दिवस मी काढणार नव्हते, पण काढल्याशिवाय पुढचं सांगता यायचं न्हाई. मुलींची खो-खोची टीम, केदारखेड्याला सामने, आणि पोरींना पाणी प्यायला तू गाडी थांबवलीस. पुन्हा सेल्फ मारला आणि बोनेटमधून धूर आला. पोरी घाबरून शेतात पळाल्या. दुसरी गाडी मिळेपर्यंत सामना निघून गेला, टीम बाद झाली, आणि येताना सगळ्या पोरी रडत आल्या. संध्याकाळी स्टँडवर तातेराव, ज्यानंच ती केबल बसवली होती, चारचौघांत बोलला, बाईनं घाबरून सेल्फ दाबून धरला, वायर जाळली, बायांचं काम न्हाई हे. तू म्हणालीस, मी दाबून न्हाई धरला, टिचकी मारल्यासारखा मारला. एकदा म्हणालीस, दोनदा म्हणालीस. मंग म्हणायची बंद झालीस. आणि मला तेव्हा सगळ्यात जास्त भीती वाटली, कारण तुलाच वाटायला लागलं होतं की तू दाबून धरला असशील. मंग तू सूरजकडं पुण्याला गेलीस, चार दिवसांसाठी म्हणून. ते चार दिवस अजून संपले न्हाईत.

तर मी ठरवलं, आता हातोडी बंद. गुरुजींना घेऊन नवीन जालन्यात गेले. पिशवीत काय नेलं असेल? केबलीचे तुकडे, मूठभर थिंबलं आणि हेक्सा ब्लेड. स्टेशनच्या रस्त्याला ते मोठं दुकान आहे ना, तिथं. शेठनी मला बघितलं आणि लाल मुठीची एवढीशी पक्कड काढून दिली, घरातल्या वायरिंगला ना ताई, म्हणे. मी पिशवीतून अंगठ्याएवढी केबल काढून काउंटरवर ठेवली. मंग त्यांनी गुरुजींकडं बघून बोलायला सुरुवात केली. गुरुजींनी माझ्याकडं बोट दाखवलं आणि स्टुलावर बसून पेपर उघडला. या माणसाशी लग्न केलं ते बराबर केलं असं मला अधूनमधून वाटतं, त्यातला हा एक दिवस.

शेठनी आधी तेलाच्या दाबावर चालणारा क्रिंपर दाखवला, हायड्रॉलिक. पेटी उघडली की आत नंबर घातलेले डायचे, म्हणजे दाबायच्या साच्यांचे जोड, ओळीनं मांडलेले, दागिन्यांच्या डबीसारखे. बघूनच जीव हरखला. पण भावने, आपण टरबूज कसं घेतो? वरून वाजवून न्हाई, खाप काढून. मी म्हणलं, शेठ, एक दाबून द्या, मी कापून बघणार. ते म्हणाले, असं कुणी बघत न्हाई. मी म्हणलं, आमच्याकडं बघतात. पन्नास नंबरची केबल, पन्नास नंबरचं थिंबल, पन्नास नंबरची डाय, दाबलं, मी तिथंच काउंटरवर हेक्सानं मधोमध कापलं. आत तारांच्या मध्ये फटी. वाळूत बोट घातल्यावर राहतात तशा. शेठ स्वतःच वाकून बघायला लागले. म्हणाले, एक नंबर लहान डाय लावू. लावली, आतून बरं झालं पण थिंबलाला दोन्हीकडून कान फुटले, धारदार. डायवर लिहिलेला नंबर आणि खरं माप यांचं काही जमत नव्हतं. ते म्हणाले, अंदाजानं सवय होते. मी म्हणलं, अंदाजानंच तर आमचं वाटोळं झालं.

मंग मागच्या कपाटातून लांब दांड्यांचा क्रिंपर निघाला. दोन दांडे हातभर लांब, आणि तोंडाशी षटकोनी खाच, केबलीच्या मापाप्रमाणं फिरवून लावायची. तेल न्हाई, पेटी न्हाई, हरवायला काही न्हाई. रस्त्यात गाडी बंद पडली तर सीटखालून काढून वापरता येईल असा. मी दाबायला गेले, तर दांडे मिटेनात. शेठ म्हणाले, याला पैलवानाचा हात लागतो, लेडीजला हायड्रॉलिकच बरं. त्यांनी एवढं म्हणायचा अवकाश. मी चपला काढल्या, एक दांडा फरशीवर आडवा टाकला, त्याच्यावर पाय दिला, आणि वरच्या दांड्यावर दोन्ही हातांनी अंगाचा सगळा भार टाकला. माझं वजन वाढलं म्हणून तू मला किती चिडवायचीस, त्या दिवशी ते कामाला आलं बघ. दांडे मिटले. थिंबल सहाही बाजूंनी सारखं दाबलेलं. कापलं. आत तारा दिसतच नव्हत्या, नुसतं तांबं, लखलखीत, एकजीव, वड्या थापल्यासारखं. शेठनी ते दोन तुकडे गिऱ्हाइकांना दाखवायला ठेवून घेतले आणि मला चहा मागवला. क्रिंपर मी घरापर्यंत मांडीवर घेऊन आले.

घरी आल्यावर आधी अर्थिंगची काळी केबल सोडली, मंग लाल. जुन्या केबल मापाला शेजारी ठेवल्या आणि नव्या बनवल्या. साळूबाईला पुन्हा बोलावलं. यावेळी ती पदर खोचून आली, पाय रोवून उभी राहिली, उकिरडा मागं न्हाई ना हे बघून. आम्ही दोघींनी ओढलं, मंग गुरुजी साळूबाईकडून लागले, केस ओढल्यासारखं ओढलं, थिंबल जागचं हललं न्हाई. मला इतका आनंद झाला की मी ती केबल गळ्यात घालून अंगणात नाचले, खोटं न्हाई सांगत. आणि मंग सहज, आपलं कसं झालं आणि तातेरावाचं कसं होतं ते बघावं म्हणून, मी तुझ्या जुन्या केबलीवरची काळी टेप सोडली आणि त्याचं थिंबल कापलं. आत जे निघालं ते मी फडक्यात बांधून ठेवलं. त्याचं पुढं सांगते, आधी बाजाराचा दिवस सांगू दे.

बबलू आल्ता सकाळीच. त्याचा टेम्पो तुला माहीतच आहे, धक्का मारल्याशिवाय चालू होत न्हाई म्हणून तो नेहमी स्टँडच्या उतारावर लावतो. पण जीप ओढायची म्हणून या वेळी त्यानं तो थेट माझ्या अंगणात आणून लावला आणि सवयीनं बंद केला. साखळी काढली. बाजाराला आलेले स्टँडवरचे चार-सहा जण पण आले, तातेराव पुढं. भावनाबाईच्या गाडीला निरोप द्यायला आलो म्हणे. मी सरळ तुझ्या जीपमध्ये बसले, चिमण्यांच्या घरट्याला हात लावला आणि सेल्फ मारला. भावने, एका टिचकीत! दाबून धरायला वेळच न्हाई मिळाला. असा आवाज केला तुझ्या गाडीनं की लिंबावरचे कावळे उडाले. माझे डोळे वाहून राह्यले होते आणि मी हॉर्न वाजवत होते, बिनकामाचा, नुसता वाजवत होते. साळूबाई टाळ्या पिटत होती. बबलूनं साखळी खांद्यावर टाकली, चांगला माणूस आहे तो, म्हणाला, चालत्या गाडीला मी हात लावत न्हाई. आणि टेम्पोत जाऊन बसला. आणि टेम्पो काही चालू होईना!

सपाट अंगण, धक्का मारायला जागा न्हाई. मंग मी उरलेल्या वेल्डिंग केबलीचे जंपर बनवून ठेवले होते ते काढले, आणि तुझ्या जीपच्या बॅटरीवरून भंगारवाल्याच्या टेम्पोला करंट दिला. जी गाडी न्यायला आल्ता तिच्याच जोरावर तो घरी गेला. स्टँडवर अजून तेच चालू आहे, दुसरी गोष्टच न्हाई.

पण तातेराव तातेरावच. जाता जाता बोललाच, नव्या केबलीवर कुणाचीही चालू होईल, जुनी तर बाईनंच जाळली ना. मी याचीच वाट बघून राह्यले होते. घरात जाऊन तुझ्या जुन्या थिंबलाचे दोन तुकडे आणले आणि सगळ्यांसमोर त्याच्या तळहातावर ठेवले. म्हणलं, तुझं काम आहे, ओळख. भावने, आत निम्म्या तारा नव्हत्याच. केबल जाड, थिंबल लहान, म्हणून त्यानं बसवायला निम्म्या तारा कापून टाकल्या होत्या आणि उरलेल्या छिन्नीनं चेपून वरून टेप मारली होती. ज्या उरल्या त्या काळ्या पडलेल्या, जळालेल्या, नेमक्या तिथंच. बाकी सेल्फपर्यंत सगळी केबल चांगली. त्यानं ते तुकडे उलटसुलट करून बघितले. मंग त्याच स्टँडवरच्या माणसांसमोर म्हणाला, केबल बसवली त्या दिवशी मोठं थिंबल नव्हतं माझ्याकडं, मी कापल्या, वायर माझ्या हातानं जळाली, भावनाबाईनं काही केलं न्हाई. मोठ्यानं म्हणाला. मला त्याचा राग होता, अजून थोडा आहे, पण म्हणाला हे खरं. आता तो क्रिंपर मागायला येतो. मी म्हणते, क्रिंपर कुठं जायचा न्हाई, तू केबल घेऊन इथं ये, मी दाबून देते आणि तू कापून बघ.

आता सोड दोरा. तो अर्धा तुकडा तुझा, दुसरा अर्धा तातेरावानं मागून घेतला आणि आपल्या दुकानात खिळ्याला टांगलाय. नीट बघ, उन्हात धरून बघ, बोट फिरवून बघ. तू दाबून न्हाई धरला, भावने. तू टिचकीच मारली होतीस. हे पत्र मी जीप चालू झाली म्हणून न्हाई लिहिलं, तू स्वतःच्या डोळ्यांनी हे बघावं म्हणून लिहिलं, कारण माझ्या सांगण्यावर तुझा विश्वास बसला नसता, फक्त कापलेल्या तांब्यावर बसेल. शाळा उघडून राह्यली आहे, वस्तीवर पोरी वाढल्यात, माझ्या एका गाडीत मावत न्हाईत, आणि खो-खोच्या टीमनं मला स्पष्ट सांगितलंय की त्यांना भावनाकाकूचीच जीप पाहिजे. चालू झाली तर ठेवून घे म्हणालीस ना? ठेवली मी. पण फक्त लिंबाखाली, सावलीत. सूरजला सांग, आईला रेल्वेत बसवून दे. मी जालना स्टेशनवर तुझी जीप घेऊन येते, जल्दी कळव कधी ते. आणि आधीच सांगून ठेवते, परतीला मी डाव्या बाजूला बसणार.

तुझीच, केबल गळ्यात घालून नाचलेली,
बेबीनंदा